बिरुताबाईंच्या भाल्याचा दसरा

प्रिय इरा आणि नील,

परवा फोनवर इरा म्हणाली, "आजी, आय ॲम टू ओल्ड फॉर स्विमिंग नाऊ." वर्गातल्या बाकीच्या मुली सहाव्या वर्षापासून पोहतात, तेव्हा आपण तेराव्या वर्षी कुठे सुरुवात करायची, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा विषय बदलला. फोनवर मी समजावायला लागले की नील फोन टेबलावर ठेवून निघून जातो आणि मला तुमच्या घराचं छत दिसत राहतं. लिहिलेल्याचं एक बरं असतं. ते टेबलावर ठेवून गेलात तरी तिथंच थांबतं.

म्हणून दोन वर्षं 'लिहीन, लिहीन' म्हणत राहिलेलं न्यूझीलंडच्या प्रवासाचं हे वर्णन आत्ता लिहायला घेतलं आहे. तुम्ही कॅनडातून अजून मंजिरीआत्याकडे गेलेला नाहीत, त्यामुळे थोडं घर, थोडं गाव सांगेन. बर्फाचे डोंगर आणि निळी सरोवरं तुम्हाला इंटरनेटवर दिसतील. मी पाहिली ती एका लात्वियन बाईंची आंतरराष्ट्रीय कारकीर्द. त्या कारकिर्दीचा शेवट माझ्या डोळ्यांदेखत व्हायचा होता. तो झाला नाही, आणि का झाला नाही हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

मराठी वाचताना अडलात तर बाबाला विचारा. त्याला अडलं तर मला फोन करा.

ऑकलंडचा विमानतळ

न्यूझीलंडमध्ये माणसापेक्षा मातीची आणि बियांची तपासणी कडक. परदेशातली कीड त्यांच्या शेतात शिरू नये म्हणून पिशवीतलं सगळं सांगावं लागतं. मी आयुष्यभर इंग्रजी शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, सगळ्यावर इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दसरा जवळ आला होता, म्हणून आपट्याची पानं वर्तमानपत्रात वाळवून घेतली होती. त्यांच्यावर 'वनस्पतिजन्य सोनं' असं लिहिलं होतं.

तपासनीस माओरी होता, दाराएवढा उंच आणि आवाजानं अगदी मऊ. "कीया ओरा, आंटी," म्हणाला, म्हणजे त्यांचा नमस्कार. इतक्या लांब येऊनही कोणीतरी आंटी म्हणतंय म्हणून मला बरं वाटलं. त्यानं सोन्याची चिठ्ठी दोनदा वाचली.

"आंटी, हे सोनं आहे?"

"सणापुरतं," मी म्हटलं. "पानंच आहेत. एकमेकांना देतो आम्ही."

"मग मला द्या," असं म्हणून त्यानं ती कचऱ्याच्या पेटीत टाकली. खोबरेल तेलाची निळी बाटली मात्र वास घेऊन परत दिली. ती बाटली लक्षात ठेवा.

शेजारच्या टेबलावर एक उंच, रुंद खांद्यांच्या बाई उभ्या होत्या. पांढऱ्या केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली, वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त. त्यांच्यासमोर एक लांबच लांब नळी होती आणि तिच्यातून तपासनीस बाईनं एक भाला बाहेर काढला होता. खराखुरा भाला. टोकाला वाळलेली माती.

"हे काय आहे?" तपासनीस बाईनं मातीकडे बोट दाखवलं.

"लात्विया," त्या बाई म्हणाल्या.

"माती लागलेली वस्तू तुम्ही सांगितली नाहीत."

"भाला मातीत पडतो. हवेत थांबत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं. मी इथं मराठीत देताना ते तसंच मोडकं ठेवते, कारण त्यांच्या तोंडी सरळ वाक्य शोभत नाही.

शिक्षकी सवय. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन दोघींना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. भाल्याचं टोक धुतलं गेलं, लात्विया औषधाच्या पाण्यातून वाहून गेला, आणि बाईंनी माझा हात असा दाबला की दिवसभर मला पिशवी डाव्या हातात धरावी लागली.

बाहेर मंजिरीआत्या उभी होती. तिच्या हातात पाटी होती आणि पाटीवर माझं नाव नव्हतं.

"आई, रागावू नकोस. हॅमिल्टनच्या आमच्या क्लबनं परदेशातल्या वयस्कर खेळाडूंची स्पर्धा ठेवलीय. घरोघरी एकेक पाहुणे ठेवायचे होते. म्हटलं, तू येतेच आहेस सिंगापूरच्या विमानानं, तर एकाच फेरीत दोघी. तुझ्याच खोलीत दुसरी कॉट टाकलीय."

"आणि पाहुण्या कुठे आहेत?" मी विचारलं.

मागून भाल्याची नळी माझ्या खांद्याला लागली. "मी बिरुता," त्या बाई म्हणाल्या.

दक्षिणेकडे, मोटारीतून

मंजिरीची मोटार लहान आणि भाला मोठा. शेवटी तो मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत तिरका बसला. त्याचा मध्य माझ्या कानाशी होता. मी ऑकलंडची गोदामं भाल्याच्या डाव्या बाजूनं पाहिली आणि बाकीचा देश उजव्या बाजूनं.

थोडं पुढे गेल्यावर 'बॉम्बे' अशी पाटी आली. बिरुताबाई एकदम सरळ बसल्या. "आपण इंडियात?"

"नाही हो. त्या नावाच्या जहाजातून पूर्वी इथं वस्ती करायला लोक आले, म्हणून," मंजिरी म्हणाली.

बॉम्बेत हिरव्या टेकड्या आणि कांद्या-बटाट्याची शेतं, माणूस एकही नाही. मुंबईला जन्मलेल्या तुमच्या आजोबांना हे दाखवायला हवं होतं.

वाटेतच बिरुताबाईंनी येण्याचं कारण सांगितलं. त्यांची एक प्रतिस्पर्धी होती, हॅमिल्टनचीच, जीन नावाची. गेली कित्येक वर्षं कुठल्याही देशात स्पर्धा असो, जीन पहिली आणि बिरुता दुसरी. फिनलंडमध्ये दुसरी, ब्राझीलमध्ये दुसरी, ऑस्ट्रेलियात पावसात दुसरी.

"आता ही शेवटची," त्या म्हणाल्या. "खांदा म्हणतो, पुरे. मी खांद्याला म्हणते, एकदा जीनच्या पुढे. मग भाला खाली. मग मी बागेत बसते, विणते, म्हातारी होते."

"आणि नाही गेला पुढे तर?" मंजिरीनं विचारलं.

बिरुताबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुढचा अर्धा तास रस्त्यावरून नजर हलवली नाही.

रोटोटुना

हॅमिल्टनच्या उत्तरेकडची ही नवी वस्ती. घरं छान, ऐसपैस आणि एकाच आईच्या पोटची असावीत अशी सारखी. राखाडी छप्पर, दोन मोटारींचं गॅरेज, समोर एक हडकुळं झाड. पहिल्याच सकाळी मी फिरून परत आले आणि आत्मविश्वासानं दुसऱ्याच्याच गॅरेजमध्ये शिरले. तिथं एक गृहस्थ चड्डीवर मोटार धूत होते. मी मराठीत "अगंबाई" म्हटलं, ते "नो वरीज" म्हणाले, आणि आम्ही एकमेकांना समजलो. त्यानंतर समीरकाकानं, मंजिरीच्या नवऱ्यानं, युक्ती काढली. बिरुताबाईंचा भाला दाराबाहेर उभा ठेवायचा. भाला दिसला की आपलं घर.

आमची खोली एक होती आणि हवामानं दोन. बिरुताबाईंना खिडकी सताड उघडी हवी, मला दोन रजया आणि कानटोपी. सकाळी मी केसांना खोबरेल लावायला बसले की त्या नाक वर करून म्हणायच्या, "बिस्किटाचा वास." त्यांच्याकडे खोबरं फक्त बिस्किटातून भेटतं.

स्वयंपाकघरात मात्र आमचं लगेच जमलं. बिरुताबाई ताकासारख्या पातळ, आंबटसर दुधात किसलेलं बीट, काकडी आणि शेपू घालून गार सूप करतात. रंग इतका गुलाबी की पाहूनच घाबरायला होतं. मी त्यांना सोलकढी दिली. त्यांनी पेला उजेडात धरला, रंग पाहिला, प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे सूप माझ्या ओळखीचं आहे, पण कपडे वेगळे घातलेत." त्यांच्या काळ्या पावात शहाजिऱ्यासारखे दाणे असतात. समीरकाका तो पाव कोल्हापुरी ठेच्याबरोबर खायला लागला तेव्हा मी दोन्ही देशांची मनातल्या मनात माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी जीनबाई भेटायला आल्या. पंचाहत्तरीच्या, काटक, उन्हानं रापलेल्या, जन्मभर मेंढ्या पाळलेल्या. आपल्याकडे पाहुणे दारात चपला काढतात. या अनवाणीच आल्या होत्या, रस्त्यावरून, गाडी चालवत. इथं लोक दुकानातही अनवाणी जातात. दारात काढायला काही नव्हतंच, तेव्हा मी त्यांना काय सांगणार? त्या गेल्यावर मी फरशी पुसून घेतली आणि मंजिरीनं डोळे फिरवले.

दोघी गळ्यात पडल्या. बिरुताबाईंनी पिशवीतून लोकरीच्या हातमोज्यांचा जोड काढून दिला. लाल-पांढऱ्या नक्षीचा, फार सुंदर.

"आणखी एक!" जीनबाई मला म्हणाल्या. "प्रत्येक स्पर्धेत एक देते. माझ्याकडे कपाट भरलंय. हॅमिल्टनमध्ये इतकी थंडी कधी पडलीच नाही!"

"हात उबदार की ढिले पडतात," बिरुताबाई म्हणाल्या. "ढिल्या हातानं भाला जवळ पडतो. मी वाट बघते."

"स्वीट ॲज," जीनबाई म्हणाल्या, म्हणजे तिकडचं 'झकास'. "शनिवारी बघू, म्हातारे."

नदीकाठी

गावातून वायकाटो नदी जाते. हिरवी, खोल, घाई नसलेली. तिच्या काठच्या मैदानावर बिरुताबाई सराव करायच्या आणि मी बाकावर रजई घेऊन बसायची. वसंत होता, त्यामुळे तिथले काळे-पांढरे मॅगपाय पक्षी अंड्यांवर बसलेले आणि रागावलेले होते. एक जण बिरुताबाईंच्या वेणीवर सारखा झडप घालायचा. त्या भाला उगारून त्याच्या मागे धावायच्या. कुत्र्याला फिरवायला आलेली एक मुलगी थांबून मला म्हणाली, "तुमची फ्रेंड इज हीप्स फास्ट." हीप्स म्हणजे तिकडे 'खूप'.

तिथं मी त्यांना विचारलं, सुरुवात कधी केली म्हणून.

"फेकायला? सतराव्या वर्षी. परदेशात फेकायला? पन्नासाव्या."

मला वाटलं, इंग्रजीचा घोटाळा असेल. नव्हता. तरुणपणी त्या लात्वियातल्या उत्तम भालाफेक करणाऱ्यांपैकी होत्या. पण तेव्हा त्यांचा देश सोव्हिएत संघात होता आणि परदेशी जायची परवानगी मॉस्कोहून यायची. यांची कधी आलीच नाही. बॅग भरायची, आगगाडीपर्यंत जायचं, आणि कोणीतरी येऊन सांगायचं, तू नाहीस.

"का?"

"माझा मामा. युद्धात होडीतून स्वीडनला पळाला. मी तेव्हा पाळण्यात. मामाला मी पाहिला नाही. मामानं सगळं जग पाहिलं, आणि त्याच्यामुळे मी घरात."

मग त्या शाळेत मुलांना कसरत शिकवत राहिल्या. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्यांना पन्नास पूर्ण झाली आणि हातात पहिला पासपोर्ट आला. तेव्हाच कोणीतरी सांगितलं की फिनलंडमध्ये वयस्करांची स्पर्धा आहे, बोटीनं जाता येतं.

"पासपोर्टमधला माणूस शिक्का मारतो. मी म्हणते, आणखी एक मारा. तो म्हणतो, एकच मारतात. मी म्हणते, मी उशिरा आलेय, दोन मारा."

"मारला?"

"मारला."

मी ज्या नकाशावर वर्षानुवर्षं मुलांना युरोप शिकवला, त्यात लात्विया असा वेगळा नव्हताच. सगळा एकच मोठा गुलाबी रंग होता, आणि मी छडी फिरवून 'हा एक देश' म्हणायची. त्या गुलाबी रंगात ही बाई बॅग भरून उभी होती. मी त्यांना तसं सांगितलं.

"काही नाही," बिरुताबाई म्हणाल्या. "आता माहीत झालं ना? शनिवारी माझ्यासाठी ओरड."

आणखी एक गोष्ट त्या खेळात मला फार आवडली. वय वाढेल तसा भाला हलका देतात. पंचाहत्तरीला तो इतका हलका होतो की माझ्या उलथन्यात आणि त्यात फारसा फरक नाही. नियम करणाऱ्यांमध्ये कोणाची तरी आजी असणार.

खंडेनवमी

शुक्रवारी खंडेनवमी होती. तुमच्या बाबाला विचारा, आमच्या घरी या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. विळी, अडकित्ता, हातोडी, पकड, ज्या कशानं आपलं पोट चालतं ते. रोटोटुनात पाटावर आला मंजिरीचा लॅपटॉप, समीरकाकाचा लॅपटॉप, ड्रिल मशीन आणि मोटारीच्या किल्ल्या.

"आई, पूजेतलं उचलायचं नसतं ना उद्यापर्यंत?" समीरनं विचारलं. "मग तसं जरा माझ्या मॅनेजरला सांगाल का?"

तेवढ्यात त्याचा लॅपटॉप पाटावरूनच किणकिणला, आणि तो गंध लावलेल्या लॅपटॉपवर ओणवा होऊन कोणालातरी 'येस, लुकिंग इन्टू इट' म्हणत बसला.

बिरुताबाई हे दारातून पाहत होत्या. मंजिरीनं त्यांना अर्थ सांगितला. त्या बाहेर गेल्या, भाला घेऊन आल्या आणि दोन्ही हातांनी पाटासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "मी याला कधी थँक्यू म्हटलं नाही," आणि नाक पुसत बागेत निघून गेल्या.

आता मी पुढे जे केलं ते प्रेमानं आणि नीटनेटकेपणानं केलं, एवढं लक्षात असू द्या. आमच्याकडे खंडेनवमीला विळीला आणि अडकित्त्याला तेलाचा हात देतात, गंज चढू नये म्हणून. भाला तर ऑकलंडला औषधाच्या पाण्यात बुडलेला. मी निळी बाटली आणली आणि भाल्याला टोकापासून शेपटीपर्यंत खोबरेल चोळलं. मध्ये जिथं धरतात तिथं दोरी गुंडाळलेली असते. ती कोरडी, बिचारी रखरखीत दिसली. तिला जरा जास्तच लावलं. वर हळदकुंकवाचं बोट ओढलं.

भाला असा चमकायला लागला की समीरकाका म्हणाला, "वा आई, शोरूममधून आल्यासारखा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच तो नळीत घालून मैदानावर नेला.

शनिवार, दसरा

मैदानावर वारा होता आणि भुरभुर पाऊस. क्लबच्या मदतीसाठी एका तंबूत सॉसेज भाजत होते, शेजारच्या तंबूत मंजिरी आणि मी कांदाभजी तळत होतो. दसरा म्हणून मी जरीची साडी नेसले होते, वर स्वेटर, खाली मंजिरीचे धावायचे बूट. भज्यांपुढे रांग लागली. सॉसेजवाले गृहस्थ स्वतःच दोनदा आले.

बिरुताबाईंच्या वयोगटात, पंचाहत्तर ते एकोणऐंशीच्या, चौघी. त्या, जीनबाई, एक ऑस्ट्रेलियन आणि एक इवल्याशा जपानी बाई. या बाई फेकण्याआधी भाल्याला वाकून नमस्कार करायच्या. बिरुताबाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. बघ, आपण एकट्या नाही.

प्रत्येकीला सहा फेकी. पंच होते ग्रॅहम नावाचे सरळ पाठीचे आजोबा, पांढरी टोपी घातलेले. नियम त्यांना स्तोत्रासारखे पाठ.

बिरुताबाई धावत आल्या, हात मागे गेला, पुढे आला, आणि भाला पुढे जायच्या ऐवजी डावीकडे उडाला. ग्रॅहमसाहेबांच्या रिकाम्या खुर्चीवरून गेला आणि गवतात आडवा पडला. लाल निशाण, म्हणजे फेक बाद.

दुसऱ्या वेळी तो हातातून साबणाच्या वडीसारखा निसटला. पुन्हा लाल.

बिरुताबाई उभ्या राहिल्या. तळहाताकडे पाहिलं. मग हळूच तळहात नाकाशी नेला. आणि तिथून, सगळं मैदान ओलांडून, त्यांनी थेट भज्यांच्या तंबूकडे पाहिलं. तो वास रोज सकाळी शेजारच्या कॉटवरून त्यांच्याकडे येत होता.

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. कढईतली भजी काळी झाली.

ग्रॅहमसाहेबांनी भाल्यावरून बोट फिरवलं. "याला काहीतरी लावलंय," ते मोठ्यानं म्हणाले. "काल रात्री हा भाला कोणाच्या ताब्यात होता?"

सगळे जीनबाईंकडे वळले.

"माझ्याकडे बघू नका," जीनबाई म्हणाल्या. "मी असते तर लोणी लावलं असतं."

मी झाऱ्यासकट हात वर केला. आयुष्यभर मुलांना 'ज्यानं केलं त्यानं हात वर करा' म्हणत आले. ते किती अवघड असतं हे त्या दिवशी कळलं. मी मैदानात गेले आणि सांगितलं की आमच्यात या दिवशी हत्यारांची पूजा करतात.

"तेलानं?" ग्रॅहमसाहेब म्हणाले.

"आणि कुंकवानं."

बिरुताबाईंनी तळहात पुसला आणि माझ्याकडे पाठ केली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. त्यांच्या चार फेकी राहिल्या होत्या.

"माझा घे, बिरुता," जीनबाईंनी आपला भाला पुढे केला.

"तुझ्या भाल्यानं तुला हरवायचं? नंतर जन्मभर तू सांगणार, माझा भाला चांगला होता."

"सांगणारच," जीनबाई म्हणाल्या.

तेवढ्यात माझं डोकं चाललं. अंगाचं तेल काढायला आपण काय लावतो? डाळीचं पीठ. आणि भज्यांच्या तंबूत बेसनाचं पोतंच होतं. मी साडी सावरून धावले. मंजिरी म्हणते, मला धावताना तिनं जन्मात प्रथमच पाहिलं. कोरडं बेसन मूठ मूठ घेऊन मी ती दोरी चोळली, जशी दिवाळीत तुमच्या बाबाची पाठ चोळायची, तो ओरडेपर्यंत.

"थांबा," ग्रॅहमसाहेब म्हणाले. "हा पदार्थ काय आहे?"

"चण्याचं पीठ."

त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. "हाताला लावायला हरकत नाही. भाल्यावर राहता कामा नये."

मग मी माझ्या जरीच्या पदरानं दोरीचा वळसा न् वळसा पुसला. पीठ गेलं, तेल गेलं. कुंकू मात्र दोरीत मुरलं होतं, ते जाईना. ग्रॅहमसाहेबांनी डागावर बोट घासलं, बोट पाहिलं आणि बराच विचार केला.

"रंगाबद्दल नियम नाही," ते म्हणाले.

बिरुताबाईंनी तळहाताला बेसन लावलं. पिवळ्या हातानं तिसरी फेक केली. निशाण पांढरं, पण हात बिचकलेला, भाला जवळच पडला. चौथ्या वेळी जोर आला, पण पाय पांढऱ्या रेषेपलीकडे गेला.

"सीमोल्लंघन!" समीरकाका ओरडला.

"गप रे," मंजिरी म्हणाली.

पाचवी. धावल्या, हात मागे गेला, आणि या वेळी भाला सरळ, शांत, पावसातून वर चढत गेला. तो इतका वेळ वर होता की मी ओरडायचं विसरले. टोक रुतलं ते जीनबाईंच्या सगळ्यात लांबच्या खुणेच्या पुढे, वीतभर.

मग मात्र मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सॉसेजवाले गृहस्थ म्हणतात की त्यांनी असा आवाज पूर्वी फक्त मेंढीचा ऐकला होता.

सहाव्या फेकीत बिरुताबाईंचा खांदा थकलेला होता, भाला तिसऱ्या फेकीच्याही अलीकडे पडला. आता जीनबाईंची शेवटची. त्या अनवाणी धावत आल्या आणि त्यांनी फेकला. भाला बिरुताबाईंच्या खुणेशेजारीच उतरला.

ग्रॅहमसाहेबांनी फीत लावली. परत लावली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावली.

"बरोबरी," ते म्हणाले.

बरोबरी झाली की दुसऱ्या क्रमांकाची लांब फेक पाहतात. जीनबाईंच्या सगळ्याच चांगल्या होत्या. बिरुताबाईंकडे दाखवायला ती बिचकलेली तिसरी तेवढी होती. पहिल्या दोन खोबरेलानं खाल्ल्या होत्या.

जीन पहिली. बिरुता दुसरी.

सोनं

बिरुताबाई तंबूच्या मागे उलट्या बादलीवर बसल्या होत्या. मी शेजारी उभी राहिले. पदराचं पीठ झटकत राहिले.

समीरकाकाला मात्र दसरा आठवत होता. आपटा तर विमानतळावर गेला होता, म्हणून त्यानं सकाळीच कुंपणाजवळच्या फेजोआच्या झाडाची पानं खुडून आणली होती. फेजोआ म्हणजे त्यांच्याकडचं पेरूसारखं फळ, घरोघरी झाड. त्यानं एक पान माझ्या हातात कोंबलं. "आई, द्या ना त्यांना. आज द्यायचंच असतं."

मी ते बिरुताबाईंच्या पिवळ्या तळहातावर ठेवलं. "आज आमच्यात हे सोनं म्हणून देतात," मी म्हटलं. "तुमचं खरं मी घालवलं. सध्या हे घ्या."

त्यांनी पान पाहिलं. वरून हिरवं. मग उलटं केलं. फेजोआचं पान खालून पांढरंशुभ्र, चकचकीत असतं.

"चांदी," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. खरंच चांदी.

"तुमच्या देवाकडे पण मी दुसरी!" आणि त्या हसायला लागल्या. बादली हलायला लागली इतक्या हसल्या. जीनबाई पदक गळ्यात घालून धावत आल्या, काय झालं म्हणून. बिरुताबाईंनी त्यांना पान दाखवलं, मग त्याही हसायला लागल्या. मंजिरीनं भज्यांची बशी आणली. ग्रॅहमसाहेबही आले आणि पानाची चांदी त्यांनी नियमाप्रमाणे तपासून पाहिली.

मग डोळे पुसत बिरुताबाई माझ्याकडे वळल्या.

"तू काय केलंस तुला कळतं? मी शेवट करायला आले. हरले असते, तर म्हटलं असतं, बरोबर, जीन चांगली. घरी बसले असते. पण मी हरले नाही. तेलानं हरले. आता कशी बसू? आता परत फेकायला लागणार!"

"कधी?" जीनबाईंनी विचारलं.

"पुढच्या उन्हाळ्यात. माझ्याकडे. तू ये."

"स्वीट ॲज. हातमोजे घेऊन येऊ का? कपाट रिकामं करायचंय."

मी माफी मागितली, रीतसर, पूर्ण वाक्यात. बिरुताबाईंनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "ठीक. पण तेलाची बाटली घरी ठेव."

पुण्याला परतल्यावर

जीनबाई पुढच्या उन्हाळ्यात खरंच लात्वियाला गेल्या. फोटो आला होता, दोघी एका तळ्याकाठी गुलाबी सूप पीत बसलेल्या. निकाल मी विचारला नाही, मंजिरीनं विचारला. जीन पहिली, बिरुता दुसरी. तेल कोणी लावलं नव्हतं, तेव्हा मला वाटलं की आता त्या थांबतील. पण बिरुताबाईंचं म्हणणं असं पडलं की त्या दिवशी वारा जीनच्या बाजूचा होता. ऐंशी पूर्ण झाल्यावर पुन्हा नवा गट लागतो, त्याची त्या तयारी करत आहेत. जीनबाई वयानं लहान, त्यामुळे त्या गटात त्यांना लगेच येता येणार नाही. म्हणून मग या गटातली दोन वर्षं आहेत तेवढ्यातच हरवायचं, अशी घाई चालली आहे.

इरा, पोहण्याचं तू बघ. तुझ्या वयात मी काय करत होते हे विचारू नकोस, मी काहीच करत नव्हते.

बिरुताबाई अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. भाला तोच आहे, दोरीही तीच. कुंकवाचा डाग अजून गेलेला नाही.